क्वामेचा गुडघा

दिवाळी आटोपली की आठवडाभरात कडोदऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्या सुरू होतात. मी भेस्तानहून मोटरसायकलवर चलथाणच्या बाजूला शाळेत जातो. खेळाचा शिक्षक आहे. सकाळी सात-सव्वासातला थंडी असते, इथल्या मानाने. म्हणजे सुरतेची माणसं हौसेने स्वेटर घालतात एवढी. समोर ट्रॅक्टर, ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारे वाढे, आणि कारखान्याच्या अंगाने गेलं की तो वास. रस उकळल्याचा गोड, त्याच्या मागोमाग मळीचा आंबूस, आणि दोघांच्या वर धुराचा. लोक नाक दाबतात. मी गाडी हळू करतो. चिमणीतला धूर सरळ वर जातो आणि थंडीमुळे तिथेच अडकून राहतो. तो तसा अडकलेला धूर पाहिला की मला काठमांडूच्या वीटभट्ट्या दिसतात. आणि वीटभट्ट्या दिसल्या की कोणीतरी लोखंडी कठड्यावर तळहात घासत, थांबत थांबत जिना उतरतंय असं ऐकू येतं. भर रस्त्यात, हेल्मेटच्या आत.

मेलेल्या माणसाचं भूत असतं की नाही मला माहीत नाही. जिवंत माणसाचं मात्र असतं. माझ्याबरोबर एक गेली अकरा-बारा वर्षं आहे, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की त्याला जास्त जोर येतो.

मी स्ट्रायकर होतो. सुरतेत हे वाक्य म्हटलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "क्रिकेटमां?" मग मला फुटबॉल सांगावा लागतो. उधन्याच्या रेल्वे कॉलनीच्या मैदानावर शिकलो, तिथून गोवा, मग कोलकात्यातले दुसऱ्या फळीतले संघ, मग काठमांडू, थिंफू, माले आणि शेवटी मस्कत. कुठेच दोन हंगामांच्या वर टिकलो नाही. मोठा खेळाडू नव्हतो, आणि हे मला इतरांच्या आधी कळलं होतं. गोलसमोर चेंडू पडला तर बहुतेक वेळा आत घालायचो आणि कुठल्याही गावात, कुठल्याही जेवणावर, तक्रार न करता राहायचो. अशा माणसाला छोट्या क्लबांत मागणी असते. शाळेतले सहकारी अजून चिडवतात, "साहेब, तमे तो इन्टरनॅशनल!" मी हसतो. इंटरनॅशनल म्हणजे सहा पंख्यांचे सहा वेगळे आवाज ऐकत झोपलेला माणूस, हे त्यांना कशाला सांगा.

आमच्यासारखा खेळाडू कुठेही नवा म्हणून जात नाही, कोणाच्या तरी जागी जातो. आधीचा जखमी झालेला असतो, नाहीतर त्याचे गोल आटलेले असतात, नाहीतर कोचशी वाजलेलं असतं. त्याची खोली आपल्याला मिळते. गादीत त्याच्या अंगाचा खळगा असतो. जर्सीच्या पाठीवरचं नाव उचकटून काढलेलं असतं, पण घामाने कापड ओलं झालं की ती अक्षरं पुन्हा वाचता येतात. थिंफूत मी अख्खा हंगाम कोणा ब्राझीलच्या माणसाचं नाव पाठीवर घेऊन पळलो. तो कुठे गेला, का गेला, हे विचारायचं नसतं. विचारणाऱ्याला लोक कच्चा समजतात.

आमच्या आबांना हे पटलं नसतं. आबा म्हणजे माझे वडील. ते अमळनेरकडून सुरतेत आले ते बदली म्हणून. लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, कारागीर आजारी पडला किंवा गावी गेला की त्याच्या जागी जो उभा राहतो तो बदली. आबांची एक रीत होती. नव्या लूमवर पहिल्या दिवशी पाळी संपली की सहा केळी घ्यायची आणि ज्याची जागा मिळाली त्याच्या खोलीवर जायचं. तिथे जाऊन सांगायचं, "तुनी जागावर मी उभा शे. तू बरा व्हयना की मी बाजूला व्हसू." बरोबरचे लोक हसायचे. एकदा तर तो माणूस खोकत उठला आणि यांनाच शिव्या घालायला लागला. आबा केळी ठेवून शांतपणे परत आले. आई म्हणाली, "काब्रं जातस?" ते म्हणाले की आज गेलो नाही तर उद्या लूमवर हात चालणार नाही. लहानपणी मला ही नुसती आबांची खोड वाटायची.

आमच्या भेस्तानच्या घरात, टीव्हीच्या वर, एक फ्रेम आहे. काठमांडूच्या वर्तमानपत्रातला माझा फोटो, अंतिम फेरीतल्या दुसऱ्या गोलनंतरचा. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, हात पसरलेले, तोंड उघडं. कोणी पाहुणा आला की त्याला पाणी द्यायच्या आधी आई तिकडे बोट करते, "हाऊ दखा, मना आंडोर. परदेशमा." आंडोर म्हणजे मुलगा. पाहुणा उठून जवळ जातो, बघतो, मान हलवतो. मी त्या वेळी हमखास स्वयंपाकघरात जातो. लोकांना वाटतं मी लाजतो. फोटोत माझ्या अंगावर दहा नंबरची जर्सी आहे. त्या हंगामाच्या सुरुवातीला माझा नंबर एकोणीस होता. दहा क्वामेचा होता.

क्वामे घानाचा, कुमासी गावचा. शनिवारी जन्मला म्हणून क्वामे. त्यांच्यात वारावरून नाव ठेवतात. लेबनॉन, ओमान, कोलकाता करत तो काठमांडूला पोचला होता. क्लबचं घर तीन मजली, आमची खोली सगळ्यात वर. भिंतीवर लोडशेडिंगचं वेळापत्रक चिकटवलेलं, आणि आम्ही दोघं देवाची आरती पाठ असावी तसं ते पाठ म्हणायचो. त्याचं पासपोर्टवरचं वय एकोणतीस होतं. एकदा मी खरं विचारलं तर म्हणाला, "पासपोर्ट माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मला." तो मला नावाने कधी हाक मारायचा नाही. कोलकात्यात शिकलेल्या हिंदीत आणि इंग्रजीत मिळून बोलायचा, आणि मला म्हणायचा 'सुरत'. "सुरत, उठ." "सुरत, आज तू डावीकडून ये."

मला फुटबॉल शिकवणारे बरेच झाले, पण स्ट्रायकर व्हायला त्याने शिकवलं. म्हणायचा, "गोलकडे काय बघतोस? तो कुठे पळून जात नाही. डिफेंडरच्या पायांकडे बघ. त्याचं वजन ज्या पायावर आहे, त्याच्या उलट बाजूने जा." हे वाक्य मी आज शाळेतल्या पोरांना जसंच्या तसं सांगतो, आणि सांगताना दर वेळी मान वळवून मागे बघतो.

आईने बिबडे पाठवले होते. ज्वारीचे पापड, आमच्या खानदेशात उन्हाळ्यात घराघरांतून वाळत घालतात ते. वीज आली की आम्ही हीटर आडवा पाडायचो आणि त्याच्या लाल तारेवर बिबडा धरायचो. क्वामेला भाजण्याचा भारी नाद. बिबडा फुगायला लागला की तो लहान मुलासारखा खूश व्हायचा, आणि अर्धा मोडून आधी मला द्यायचा. फोनवर आई विचारायची, "तुना त्या दोस्तले बिबडा आवडनात का? आखो धाडू का?" मी तिकडे पाहून विचारायचो. तो तोंड भरलेलं असताना अंगठा वर करायचा. ते दिवस माझ्या सगळ्या खेळण्याच्या वर्षांतले सगळ्यात सुखाचे होते, हे मी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगतो.

त्याचा उजवा गुडघा गेलेला होता. मैदानावर कळायचं नाही. पंधरा मिनिटं पळून अंग तापलं की तो आमच्या सगळ्यांपेक्षा चपळ. पण सकाळी, थंडीत, तो गुडघा वाकायला तयार नसायचा. म्हणून क्वामे सगळ्यांच्या अर्धा तास आधी उठायचा, कोणी बघायच्या आत तीन मजले उतरून खाली जायचा आणि मागच्या अंगणात एकटाच फेऱ्या मारायचा. मी रजईत पडून ऐकायचो. तळहात कठड्यावर घासल्याचा आवाज. मग एक पाऊल. मग थांबणं. मग परत तळहात. खालपर्यंत पोचायला त्याला इतका वेळ लागायचा की मध्येच मला झोप लागायची, आणि जाग यायची तेव्हा तो अजून उतरतच असायचा.

गुडघ्याची गोष्ट दोघांनाच माहीत होती, मला आणि बिष्णुदाजूंना. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. क्लबमध्ये बूट-कपडे सांभाळणारे, चहा करणारे आणि मालिश करणारे ते एकच गृहस्थ होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. मोहरीच्या तेलात ओवा तडतडवून ते क्वामेच्या गुडघ्याला लावायचे आणि वरून जुना मफलर बांधायचे. भाडोत्री खेळाडूंमध्ये एक कायदा असतो, कुठे लिहिलेला नसतो पण सगळ्या देशांत सारखा: खोलीत दिसलं ते खोलीत राहतं. कोणाचं दुखणं, कोणाचं खरं वय, कोण फोनवर रडतो, कोण कोणती गोळी घेतो, हे दाराबाहेर न्यायचं नाही. कारण परदेशी खेळाडूचं दुखणं बाहेर पडलं की त्याचं विमानाचं तिकीट निघतं. आम्ही एकमेकांचे भाऊ नव्हतो, देश वेगळे, देव वेगळे. हा कायदा तेवढा सगळ्यांचा एक होता.

हंगामाच्या मध्यावर काही दिवस नोंदणी पुन्हा उघडते. परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते, त्यामुळे एक आत घ्यायचा तर एक बाहेर काढावा लागतो. आमची बचावफळी गळत होती. त्या दिवसांत एके सकाळी कोचने मला गच्चीवर बोलावलं. ऊन होतं पण उबेचं नाही. समोर शहराच्या कडेला वीटभट्ट्यांच्या चिमण्या, प्रत्येकीवर धुराचा एक गोळा थबकलेला.

"एक माणूस कमी करायचाय," कोच म्हणाला. "मागे उंच डिफेंडर हवाय. तुम्हा दोघांपैकी एक जाईल."

मी समोरच्या चिमण्या मोजायला लागलो.

"क्वामे तुझ्यापेक्षा चांगला आहे, तुलाही माहीत आहे. मला तोच ठेवायचाय. फक्त एक सांग. तू त्याच्याबरोबर राहतोस. पुढचे सगळे सामने निघतील ना त्याच्याकडून?"

त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते सांगतो. उधना स्टेशन. त्याच्या आधी तीनदा मी तिथे असाच हंगाम अर्धवट टाकून उतरलो होतो. बाहेर चहाच्या टपरीवर शाळेतले मित्र, आता कपड्याच्या मार्केटमध्ये आणि डाइंगमध्ये कामाला लागलेले, आणि त्यांचा तो हसत हसत विचारलेला प्रश्न, "काय रे, आला का परत?" आबांनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगा या वेळी पूर्ण हंगाम खेळणार. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. चौथ्यांदा परत आलो असतो तर पाचव्यांदा जायला कोणी बोलावलं नसतं. मला घरी जायचं नव्हतं. एवढंच होतं ते. त्याला मोठं नाव द्यावं असं काही नव्हतं.

मी म्हणालो, "क्वामे चांगला आहेच. फक्त सकाळी जिना उतरताना कठडा धरतो."

शब्द न् शब्द खरा. खोटं बोललो असतो तर कदाचित पुढे कधीतरी स्वतःला माफ करता आलं असतं. माणूस घाबरला की खोटं बोलतो, म्हणून सोडून दिलं असतं. मी खरं बोललो, आणि काय बोलतोय ते पुरतं कळून बोललो. कोचने मान हलवली. आणि मागे ग्लासचा आवाज झाला. बिष्णुदाजू ट्रेमध्ये दोन चहा घेऊन गच्चीच्या दारात उभे होते. कधीपासून, ते मला कळायला मार्ग नव्हता. त्यांनी पुढे येऊन एक ग्लास कोचपुढे ठेवला, एक माझ्यापुढे. "चिया, भाइ," म्हणाले, आणि खाली गेले. तो चहा मी प्यायलो. गार झाला नव्हता.

दोन दिवसांनी, क्वामे उठायच्या वेळेच्याही आधी, कोचने त्याला तिसऱ्या मजल्यावरून हाक मारून खाली बोलावलं आणि स्वतः जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला. क्वामेला उतरावं लागलं. मी वरच्या पायरीवरून बघत होतो. पहिल्या पाचसहा पायऱ्या त्याने कठडा न धरता उतरून दाखवल्या. मग धरला.

जाणाऱ्या माणसाला बिष्णुदाजू फाटकापाशी निरोप द्यायचे. कपाळाला दह्या-तांदळाचा टिळा, गळ्यात पांढरा रेशमी खादा, तिकडचं उपरणं. काढून टाकलेला असो की सोडून चाललेला, दाजूंच्या लेखी फरक नव्हता. त्या सकाळीही ते खादा हातांवर पसरून उभे होते. आम्ही सगळे होतो. क्वामेने बॅग खाली ठेवली आणि त्यांच्यापुढे उभा राहिला, पण मान वाकवली नाही.

"या गुडघ्याला तुझ्याशिवाय कोणाचा हात लागला नाही," तो हिंदीत म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रोज तेल लावलंस आणि मग जाऊन सांगितलंस. म्हातारा झालास, देवाला काय तोंड दाखवशील?"

दाजूंचे हात तसेच पसरलेले राहिले. त्यांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी काय करतो ते बघत होते, वाट बघत होते. ती नजर किती वेळ होती? मोजली तर दोन सेकंद असेल. तेवढ्यात मला तीन शब्द बोलायचे होते, 'मी सांगितलं, क्वामे.' चेंडू मिळाल्यावर डिफेंडर कुठे उभा आहे हे त्याच्या निम्म्या वेळात ओळखणारा माणूस मी. माझे ओठ हलले नाहीत. मग दाजूंनी नजर काढून घेतली आणि हातांवरच्या त्या रेशमी वस्त्राची घडी घालायला लागले, कडा जुळवून, सावकाश. क्वामे माझ्याकडे वळला आणि मला मिठी मारली. कानात म्हणाला, "सुरत, इथे तू एकटाच माझा होतास."

दहा नंबर मला मिळाला. पुढच्या सामन्यात मी दोन गोल केले, त्याच्या पुढच्यात एक. चेंडू जणू मला शोधत येत होता. माझ्या सगळ्या आयुष्यातला तोच एक हंगाम असा की मी पाय लावीन तिकडे गोल. आणि रोज सकाळी, खोलीत मी एकटा असताना, समोरची खाट रिकामी असताना, जिन्यावरून तळहात घासत कोणीतरी उतरायचं. सुरुवातीला मी उठून दार उघडून बघायचो. जिना मोकळा असायचा. मग उठणं सोडलं. बिष्णुदाजू रोज चहा आणून द्यायचे, तसाच गरम, तसंच "चिया, भाइ". त्या सकाळचा विषय एकदाही काढला नाही. सामन्याआधी माझ्या पायांना तेल लावायचे तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो. हंगाम संपल्यावर फाटकापाशी त्यांनी मलाही टिळा लावला आणि गळ्यात खादा घातला. तो क्वामेसाठी घडी करून ठेवलेलाच होता की दुसरा, मला माहीत नाही. मी मान वाकवली. विचारलं नाही.

फोटोचं कात्रण घरी पोचलं त्या दिवशी आबांचा फोन आला. गल्लीत पेढे वाटले म्हणाले. मग विचारलं, "दहा नंबर कोना व्हता?" मी सांगितलं, माझ्या जोडीदाराचा, तो जखमी होऊन गेला. आबा म्हणाले, "ज्यानी जागा भेटनी, त्याले भेटी उना का?"

मी म्हणालो, "हो आबा, भेटलो."

आबा तीन वर्षांनी गेले. ते 'हो' तसंच राहिलं.

तिथून पुढे मी जिथे जिथे गेलो तिथे क्वामे आधी येऊन बसलेला असायचा. थिंफूला वसतिगृहाच्या लाकडी जिन्यावर. मालेत तर इमारत अशी अरुंद की जिन्याला कठडाच नव्हता, भिंतीला हात लावत उतरायचं. तिथे भिंतीवर तळहात घासल्याचा आवाज. त्याला शोधायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. केला, पण सापडू नये अशा बेताने. जुना नंबर लावून बघायचा, बंद आहे हे ऐकायचं आणि सुटलो म्हणून फोन ठेवायचा. त्याचं पुढे काय झालं, गुडघ्यावर उपचार झाले की नाही, परत कुठे खेळला की नाही, हे मला काहीच माहीत नव्हतं. बऱ्याचदा मी मनात त्याचं चांगलं करून टाकायचो. कुठल्यातरी समुद्राकाठच्या क्लबमध्ये त्याला दोन हंगाम मिळवून द्यायचो. मग सकाळ व्हायची.

यंदा उसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत, एका बुधवारी, शाळेच्या मैदानावर असताना फोन वाजला. अनोळखी, लांबलचक परदेशी नंबर. व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप. "सुरत! सापडलास रे तू!" मी पोरांना फेऱ्या मारायला सांगितल्या आणि मैदानाच्या कडेला उकिडवा बसलो. आवाज जाड झाला होता, हसणं तेच. तो कुमासीत एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवतो. काठमांडूनंतर त्याला कोणी घेतलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन फार उशिरा झालं, थोडा लंगडतो. हे सगळं त्याने हसत सांगितलं. मग हसणं थांबलं.

"तुला बिष्णु आठवतो? मी त्या माणसाचा इतकी वर्षं द्वेष केला. माझ्या बायकोला विचार. जेवताना त्याचं नाव निघालं की मी ताटावरून उठायचो. त्या द्वेषाने मलाच खाल्लं, सुरत. आता पाद्रीबाबांनी सांगितलं, दे सोडून. मी रोज प्रार्थना केली. जुन्या गोलकीपरने त्याचा नंबर मिळवून दिलाय. या रविवारी चर्चनंतर फोन करून त्याला सांगणार आहे की मी तुला माफ केलं. तू तिथे होतास, तू साक्षीदार, म्हणून आधी तुला सांगतोय."

मी एवढंच लिहून पाठवलं, बरा आहे, शाळेत खेळ शिकवतो. बुधवार ते रविवार. चार दिवस होते माझ्याकडे. गुरुवारी मी ठरवलं की असलं फोनवर नको, नीट लिहून पाठवू. शुक्रवारी लिहायला बसलो तर भाषाच सापडेना. शनिवारी शाळेत स्पर्धा होत्या. माणसाला टाळायचं असलं की कामं कशी भराभर सुचतात, हे मला नव्याने कळलं.

रविवारी दुपारनंतर आई म्हणाली पोंक खायला जाऊ. हुरड्याचे भाजलेले कोवळे हिरवे दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. सुरतेची थंडी या पोंकाशिवाय लागत नाही. तापीच्या काठी स्टॉल लागले होते. आई खुर्चीत बसून खात होती. मी कागदाची डिश हातात धरून नदीकडे बघत होतो. घड्याळाचा हिशोब माझ्या डोक्यात चालू होता, त्याचं चर्च अजून सुटलेलं नाही, अजून तासभर आहे. माझी बायको रेखा जवळ आली, म्हणाली, "चार दिवस झाले, तुम्ही घरात असून नाहीत. काय झालं?" लग्नाला नऊ वर्षं झाली. त्या हंगामाबद्दल तिला फ्रेमएवढंच माहीत होतं. तिथेच, शेवेच्या आणि धुराच्या वासात, मी तिला सगळं सांगितलं. गच्ची, कठडा, दोन ग्लास चहा, फाटकापाशी उभे असलेले दाजू.

तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "मंग तुम्ही आठे पोंक काय खाई राहिनात? त्याले फोन लावा ना!" चिडली की तिची अहिराणी सुरू होते.

मी फोन काढला. त्यावर त्याचा निरोप दहा मिनिटांपूर्वीच येऊन पडलेला होता.

"सुरत, चर्च सुटेपर्यंत मला धीर धरवला नाही. सकाळीच केला फोन. म्हातारा पार थकलाय, ऐकूही कमी येतं. मी म्हणालो, दाजू, तू जे केलंस त्याची मी तुला माफी दिली. मला वाटलं फोन तुटला. मग त्याने विचारलं, सुरत कसा आहे? मी म्हणालो बरा आहे, मास्तर झालाय. मग म्हणाला, ठीक छ, भाइ. धन्यवाद. आणि रडायला लागला. मीपण रडलो. मोकळा झालो रे मी."

म्हणजे दाजूंनी ती माफी घेतली. जे केलंच नव्हतं त्याची. माझं नाव त्यांच्या ओठांवर आलं ते फक्त ख्यालीखुशाली विचारायला. मी स्टॉलच्या मागे बांबूला टेकलो आणि क्वामेला फोन लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला. मागे चर्चमधल्या लोकांचा गलका होता.

"क्वामे, दाजूंनी नाही सांगितलं. मी सांगितलं. कोचला, गच्चीवर. तू जिना उतरताना कठडा धरतोस असं."

गलका चालूच होता. मग एक दार लागल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

"तू?"

"मी."

"त्याला माहीत होतं?"

"चहा घेऊन तेच आले होते वर."

मी माफ कर म्हणणार होतो, चार दिवस तेच शब्द तोंडात घोळवत होतो, पण आता ते निघेनात.

"सुरत," तो म्हणाला, आवाज अगदी हळू, "तुला माहीत नाही मला माफ करायला किती वर्षं लागली. रोज गुडघे टेकून बसायचो, हा दुखरा गुडघासुद्धा. एक दिवस थोडं जमायचं, दुसऱ्या दिवशी परत राग. असं करत करत एकदाचं जमलं. ते सगळं मी आज सकाळी त्याला देऊन टाकलं." मग श्वास घेतल्याचा आवाज आला. "आता माझ्याकडे काही उरलेलं नाही."

फोन त्याने ठेवला नाही. मीही ठेवला नाही.